नानला जायचं तर तीन रात्री काढून

बँकॉक-पट्टाया झालं, फुकेत-क्राबी झालं, चिआंग माईसुद्धा आता ओळखीचं झालं. पुढे काय, असं विचारणाऱ्यांना मी नान सांगते. (उच्चार तंदुरी नानसारखाच. विनोद करून घ्या आणि पुढे चला.) उत्तर थायलंडमधला लाओसच्या सीमेला टेकलेला हा डोंगराळ प्रांत. त्याच नावाच्या नदीकाठी त्याच नावाचं प्रांताचं मुख्य गाव. इथे रेल्वे येत नाही. रस्ता येतो तो पुढे डोंगरात आणि मग थेट लाओसमध्ये शिरतो. त्यामुळे 'वाटेत पडलं म्हणून नान पाहिलं' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. नानला मुद्दाम जावं लागतं, आणि मुद्दाम जायचंच तर किमान तीन रात्री काढून. त्यातली एक रात्र शुक्रवार, शनिवार किंवा रविवारची हवी. का, ते पुढे येईलच.

जाण्याआधी एवढा इतिहास

इथल्या राजांची पहिली गादी उत्तरेला पुआच्या खोऱ्यात होती. 1359 मध्ये फाया कान मुआंग हा राजा राजधानी घेऊन खाली सपाटीवर, नदीच्या पूर्वेला आला. सुखोथायच्या राजाकडून मिळालेले बुद्धाचे धातू, म्हणजे पवित्र अवशेष, ज्या टेकडीवर ठेवले, तिच्याभोवतीच त्याने गाव वसवलं. नऊच वर्षांनी, 1368 मध्ये, त्याच्या वारसाने गाव नदीपलीकडे, आजच्या जागी हलवलं. पुढे 1450च्या सुमारास चिआंग माईच्या तिलोकराजाने नान जिंकलं, नंतर ब्रह्मी सत्ता आली, आणि 1788 मध्ये नानने बँकॉकचं मांडलिकत्व पत्करलं. तरी स्थानिक राजे नावापुरते का होईना टिकले. शेवटचा राजा 1931 मध्ये वारला. म्हणजे आपल्याकडे संस्थानं होती तेव्हा तिथेही एक संस्थानच होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 1817च्या पुरात गाव वाहून गेलं, लोक उत्तरेला उंचावर राहायला गेले आणि 1855 मध्ये परत जुन्या जागी आले. नदीने या गावाला असं वरचेवर उठवलंय. ऑगस्ट 2024 आणि जुलै 2025 मध्येही नानमध्ये मोठे पूर आले. त्यामुळे पावसाळ्यात जाणार असाल तर पुढे जुलै-सप्टेंबरबद्दलचा परिच्छेद दोनदा वाचा.

कधी जायचं

नोव्हेंबर ते जानेवारीअखेर हा सगळ्यात सोपा काळ. आकाश स्वच्छ, दुपार सोसवेल अशी, आणि पहाटे डोंगरात दहा अंशांच्या आसपास किंवा खालीही. थायलंड म्हणून सुती कपडे भरून गेलेले आपले लोक पुआला हॉटेलची चादर गुंडाळून चहा पिताना मी पाहिलेत. स्वेटर न्या. डिसेंबरमधल्या सुट्ट्या आणि नववर्ष मात्र टाळा. तेव्हा निम्मं बँकॉक डोंगरात थंडी 'अनुभवायला' येतं आणि खोल्या मिळत नाहीत. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण; बसची तिकिटं कधीच संपलेली असतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रानं जाळण्याचा हंगाम. खोऱ्यांत धूर साठतो, समोरचा डोंगर दिसत नाही, डोळे चुरचुरतात. दमा असेल किंवा लहान मूल बरोबर असेल तर या काळात जाऊच नका. या काळात जायला एकच चांगलं कारण आहे: दोय फू खाच्या जंगलात 'चोम्फू फू खा' नावाच्या दुर्मीळ झाडाला फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारे गुलाबी तुरे. फुलवेड्यांनी ठरवावं.

जुलै ते सप्टेंबर भातखाचरं अशी हिरवीगार असतात की कोकणातल्या माणसालाही हेवा वाटावा. पण पूर आणि डोंगररस्त्यांवरच्या दरडी यांची तयारी हवी. या दिवसांत परतीचं विमान आणि मायदेशीचं विमान यांच्यात किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटापासून भात पिवळं पडतं, पाऊस सरतो आणि वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा मुक्काम) संपण्याच्या सुमारास नदीत लांब होड्यांच्या शर्यती लागतात. होडीच्या नाळेवर कोरलेलं नागाचं तोंड, पन्नासेक माणसं एका तालात वल्ही मारतायत, काठावर ढोल. मला विचाराल तर हाच काळ सर्वोत्तम.

पोचायचं कसं

मुंबईहून बँकॉक सव्वाचार-साडेचार तास. घड्याळ दीड तास पुढे करा. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, तेव्हा कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. तिकीट काढायच्या आठवड्यात थाई दूतावासाची वेबसाइट बघा. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन-पत्र भरावं लागतं. ते पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं आणि फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा.

नानची विमानं बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावरून सुटतात. आपली बरीचशी विमानं उतरतात सुवर्णभूमीला. दोन्हींमध्ये शहरातली वाहतूक आहे. जोडतिकीट असणाऱ्यांसाठी विमानतळाची फुकट बस आहे, पण ती तासभर किंवा जास्तही घेते. इमिग्रेशनची रांग धरून दोन विमानांमध्ये पाच तास ठेवा. कमी ठेवले तर घाम फुटतो, हे अनुभवाने सांगते. नानचं विमान सव्वा तासात उतरवतं आणि विमानतळ गावापासून तीनेक किलोमीटरवर.

बसने जायचं तर बँकॉकच्या मो चित स्थानकातून रात्रीच्या गाड्या आहेत; दहा-अकरा तास. ज्या गाडीच्या आसनांची संख्या कमी, ती आरामाची. एसी मात्र असा की मोजे घालूनच बसा. चिआंग माईहून आर्केड स्थानकावरून दिवसा बस मिळते. लांपांग, फ्रे करत सहा तास. वळणं आहेत, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसावं. रेल्वेचं प्रेम असेल तर रात्रीच्या गाडीने फ्रे प्रांतातल्या देन चायपर्यंत आणि तिथून बसने अडीच-तीन तास. ही वाट रमतगमत जाणाऱ्यांची.

मुक्काम आणि फिरणं

खोली जुन्या गावात, वाट फूमिन या देवळापासून चालत दहा मिनिटांच्या आत घ्या. बस स्थानकाजवळ स्वस्त मिळते, पण मग प्रत्येक वेळी वाहन शोधावं लागतं, आणि रस्त्यावर हात केला की रिक्षा थांबेल अशी ही जागा नाही. गावात सायकल पुरते. बऱ्याच गेस्टहाउसांत ती फुकट असते. रस्ते सपाट, वाहनं सबुरीने चालणारी. फूमिनसमोरच्या पर्यटन केंद्रापासून गावातून फिरवणारी छोटी ट्राम सुटते. माहिती थाईत सांगतात, पण आई-वडील बरोबर असतील तर ती बरी.

डोंगरात जायला स्कूटर किंवा गाडी हवी. थायलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, ही मोठी सोय. पण आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून इथूनच काढून न्या, आणि स्कूटर चालवायची असेल तर मूळ लायसन्सवर दुचाकीची नोंद आहे ना ते बघा. परवाना नसताना अपघात झाला तर प्रवास-विमा हात वर करतो. स्कूटर ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आणि दोन्ही ब्रेक त्या दुकानासमोरच दाबून बघा. मी एकदा हे केलं नाही आणि पुढची पन्नास किलोमीटर मागच्या एका ब्रेकवर उतरले. घाटाची सवय नसेल तर चालकासकट गाडी ठरवा. चौघांत खर्च वाटला की फार वाटत नाही.

पहिला दिवस: भिंती वाचायच्या

'वाट' म्हणजे बौद्ध देऊळ आणि मठ मिळून असलेलं आवार. मूळ शब्द संस्कृत-पालीतला. आपल्या वाडा-वाडीचंच भावंड.

सकाळी आठला वाट फूमिन गाठा. सहलींच्या बसगाड्या साडेनऊ-दहानंतर येतात. देऊळ 1596चं, आणि 1867पासून सात-आठ वर्षं त्याची मोठी दुरुस्ती झाली. बाहेरून आधी एक प्रदक्षिणा घाला. इमारत अधिकच्या चिन्हासारखी, चार दिशांना चार दारं, आणि दोन भलेमोठे नाग तिला पाठीवर घेऊन चाललेत: एका दाराशी फणे, समोरच्या दाराशी शेपट्या. आत मधोमध चार बुद्ध, पाठीला पाठ लावून, चार दारांकडे तोंड करून. सगळे भूमिस्पर्श मुद्रेत. कुठल्याही दारातून शिरा, समोर बुद्धच.

पण खरं थांबायचं भिंतींपाशी. ही चित्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि ती काढणारा थित बुआफान नावाचा ताय लुए जमातीचा चित्रकार असावा असं मानतात. मुख्य गोष्ट खत्थन कुमाराची: पाली त्रिपिटकाबाहेरची, उत्तरेकडच्या लोकपरंपरेतली जातककथा. एका गरीब बाईने हत्तीच्या पावलात साचलेलं पाणी प्यायलं. तो हत्ती म्हणजे रूप बदलून आलेला इंद्र. तिला झालेला हा अचाट ताकदीचा मुलगा बापाच्या शोधात निघतो. वाटेत ओस पडलेलं शहर लागतं, आणि तिथे नगाऱ्यात लपवून ठेवलेली एक राजकन्या. नगारा शोधा, मुलांना बरोबर नेलं असेल तर त्यांना हेच काम द्या. दुसरी गोष्ट निमिराजाची. मातली नावाचा सारथी इंद्राचा रथ घेऊन येतो आणि राजाला नरक आणि स्वर्ग दाखवतो. मातली आपल्या ओळखीचाच, फक्त इथे त्याचा चेहरा थाई आहे.

गोष्ट कळली नाही तरी बिघडत नाही, कारण चित्रकाराचं निम्मं लक्ष गोष्टीवर नव्हतंच. त्याने आपलं गाव रंगवलंय. मागावर बसलेली बाई, तिच्याशी गप्पा छाटायला आलेले तरुण, कमरेपासून गुडघ्यापर्यंत चड्डी घातल्यासारखं गोंदवून घेतलेले पुरुष, कानाच्या पाळीत सोन्याची गुंडाळी आणि हातात चिरूट घेतलेल्या बायका. एका ठिकाणी आगबोट आणि टोपीवाले गोरे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या खोऱ्यात आगबोट कुणी पाहिली असेल, याचा विचार करत मी बराच वेळ उभी होते.

आणि मग ते जोडपं. दाराच्या बाजूला, जवळजवळ माणसाच्या उंचीचं. पुरुषाचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा ओठांच्या कडेला आडोशासारखा धरलेला, आणि तो तिच्या कानात काहीतरी सांगतोय. ती समोर बघतेय, ऐकून न ऐकल्यासारखं. त्याचे केस वर बांधलेले, छातीवर तांबडं गोंदण. तिचं लुगडं आडव्या पट्ट्यांचं. वर लिहिलंय 'पू मान, या मान', म्हणजे ब्रह्मी बुवा आणि ब्रह्मी बाई. नानमध्ये हे चित्र टी-शर्टांवर, कपांवर, पंख्यांवर, फ्रिजच्या चुंबकांवर सगळीकडे दिसेल, इतकं की मूळ चित्राचा कंटाळा येईल अशी भीती वाटते. येत नाही. छापील प्रतींमध्ये तिच्या डोळ्यांचा कोपरा नीट उतरत नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. आत अंधूक असतं आणि फ्लॅश चालत नाही. चित्रं उंच आहेत, म्हणून छोटी दुर्बीण न्या. दुसरं, खाली बसून बघा. पाय बुद्धाकडे करू नका, मागे दुमडून घ्या.

तिथून रस्ता ओलांडून राष्ट्रीय संग्रहालय. 1903 मध्ये बांधलेला हा राजवाडा. बुधवार ते रविवार उघडा असतो. सोमवारी येऊन बंद दाराचा फोटो काढणाऱ्यांत मीही आहे. आत पाहायचा तो काळा हस्तिदंत: 94 सेंटिमीटर लांब, 18 किलो वजनाचा. काळा म्हणतात, पण जवळून गडद तपकिरी, जुन्या शिसवी पलंगाच्या पायासारखा. लाकडी गरुडाने तो खांद्यावर पेललाय. संग्रहालयाच्या आवारात चाफ्याच्या झाडांच्या दोन रांगांनी फांद्यांचं छत केलंय, तिथे फोटोंची रांग असते. थाई लोक या चाफ्याला 'लीलावदी' म्हणतात, म्हणजे आपली लीलावती. त्याचं जुनं नाव 'लांथोम' त्यांच्या भाषेतल्या दुःखाच्या शब्दाच्या जवळ जायचं, म्हणून लोक तो घरी लावत नसत. नाव बदललं आणि चाफा घरोघर आला.

समोरच वाट फ्रा थात चांग खाम. स्तूपाच्या पायथ्याशी चहूबाजूंनी मिळून 24 हत्ती, फक्त पुढचा भाग बाहेर, जणू स्तूप खांद्यावर घेऊन आत्ता उठणार. इथे अर्धा तास पुरे. वाट मिंग मुआंगचं पांढरंशुभ्र गिलाव्याचं नक्षीकाम लोकांना फार आवडतं. मला ते लग्नातल्या केकसारखं वाटलं, पण तुम्ही बघून या. पाच मिनिटांवर आहे.

संध्याकाळी, शुक्रवार ते रविवार असेल तर, फूमिनच्या बाजूचा फा कोंग रस्ता वाहनांना बंद होतो आणि खाण्याचा बाजार भरतो. गाड्यांवरून पुड्या घ्यायच्या आणि देवळाजवळच्या मोकळ्या पटांगणात चटया व बुटकी बांबूची टेबलं मांडलेली असतात, तिथे मांडी घालून खायचं. कुणी जागेचे पैसे मागत नाही. आपला कचरा आपण उचलायचा. कोपऱ्यात कुणी म्हातारबाबा सलो आणि सुंग ही तंतुवाद्यं घेऊन बसलेले असतात. ही संध्याकाळ हुकू नये म्हणूनच सुरुवातीला वाराची अट घातली.

दुसरा दिवस: मिठाच्या विहिरी

सकाळी साडेसहाला निघा. उत्तरेला 1080 क्रमांकाच्या रस्त्याने पुआ, साठेक किलोमीटर. तिथे भातखाचरांकडे तोंड करून असलेल्या वाट फुकेतच्या गच्चीवर थांबा, नाश्ता करा आणि टाकी भरून घ्या. पुढे डोंगरात पंपाची खात्री धरू नका.

पुआहून 1256 क्रमांकाचा रस्ता दोय फू खा राष्ट्रीय उद्यानातून चढतो. 1715 मीटर उंचीवर एक थांबा आहे, नावच '1715'. थंडीत सकाळी खाली ढगांचं दूध सांडलेलं असतं. चढ-उतार खडे आहेत. गिअर नसलेल्या स्कूटरवर उतारभर ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो. थांबत, थंड करत उतरा. माळशेज-आंबेनळीची सवय असणाऱ्यांना रस्त्याची रुंदी चैनीची वाटेल, पण वळणं तेवढीच अवघड आहेत.

पलीकडे उतरलं की बो क्लुआ. बो म्हणजे विहीर, क्लुआ म्हणजे मीठ. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या बेचक्यात, नदीकाठी खाऱ्या पाण्याच्या विहिरी! जुन्या काळी इथलं मीठ आजच्या लाओस आणि दक्षिण चीनपर्यंत जायचं, आणि तिलोकराजाने नानवर चाल केली त्यामागे हे मीठही होतं असं सांगतात. आपली उरण-वसईकडची मिठागरं उन्हावर चालतात. इथे ऊन पुरत नाही म्हणून पाणी शिजवतात. विहिरीतून बादलीने पाणी शेंदायचं, मातीच्या लांबट चुलाणावर मोठ्या कढईत ओतायचं आणि लाकडाच्या आगीवर चार-पाच तास उकळायचं. कढईवर बांबूच्या टोपल्या टांगलेल्या असतात. तळाशी मीठ धरू लागलं की ते झाऱ्याने काढून टोपलीत टाकायचं, म्हणजे उरलेलं पाणी निथळून परत कढईतच. झोपडीत धूर आणि वाफ इतकी की चष्मा पुसत उभं राहावं लागतं, आणि भिंतीच्या वाशांवर, टोपलीच्या कडांवर मिठाची पांढरी साय धरलेली. विहिरीचं पाणी बोटाने चाखून बघा. समुद्राच्या पाण्यातला कडवटपणा त्यात नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत परंपरेने चुली बंद असतात, तेव्हा प्रत्यक्ष काम बघायचं असेल तर ते दिवस सोडून जा.

परतताना आलेल्या वाटेने न येता 1081 ने सांतिसुकवरून नानला या. हा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, आणि त्यातलं एक वळण तीनच्या आकड्यासारखं आहे. फोटोसाठी लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात. तुम्ही राहू नका. सगळा फेरा दोनशे किलोमीटरच्या आसपास. अंधारापूर्वी सपाटीवर पोचायचं तर बो क्लुआतून दुपारी अडीचला निघा. ज्यांना जमेल त्यांनी एक रात्र पुआला काढून हाच फेरा दोन दिवसांत करावा.

तिसरा दिवस: नदीपलीकडे आणि थोडं उत्तरेला

सकाळी पूल ओलांडून वाट फ्रा थात चे हेंग. तेच ते, ज्याच्याभोवती 1359 मध्ये गाव वसलं होतं. 55 मीटर उंचीचा सोनेरी स्तूप, आणि वर चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाग. उत्तर थायलंडमध्ये बारा वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाचा एक स्तूप ठरलेला असतो आणि आपल्या जन्मवर्षाच्या स्तूपाला आयुष्यात एकदा जावं अशी श्रद्धा आहे. हा सशाच्या वर्षाचा. 1963, 1975, 1987, 1999 किंवा 2011चा जन्म असेल तर पुजारीण मावशी तुम्हाला जास्त मायेने फुलं देतील. (जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी चिनी पंचांग बघून ठरवावं.)

मग चाळीसेक किलोमीटर उत्तरेला था वांग फा तालुक्यातलं नोंग बुआ. युन्नानमधल्या सिपसोंग पन्नातून आलेल्या ताय लुए लोकांचं हे गाव. इथलं देऊळ फूमिनच्या मानाने लहान, उतरत्या छपराचं, आणि भिंतींवरची चित्रं त्याच थित बुआफानच्या हातची मानतात. फूमिन आधी पाहून इथे आलात तर हात ओळखू येतो. गावात बायका 'लाय नाम लाय' विणतात, म्हणजे वाहत्या पाण्याचा नमुना. धागे पायरीपायरीने सरकत जातात आणि कापडावर लाटा उठतात. घ्यायचं तर इथे, मागावरच्या बाईकडून घ्या. गावातल्या दुकानांत छापील नक्कल मिळते. उलटी बाजू बघा, छापील असेल तर ती फिकट असते.

सूर्यास्ताला वाट फ्रा थात खाओ नोई. तीनशेहून जास्त पायऱ्या, किंवा गाडीने थेट वर. दरीकडे तोंड करून नऊ मीटरचा उभा बुद्ध, आणि त्याच्या नजरेखाली सगळं नान. नदीचं वळण इथून नीट दिसतं, आणि गाव का दोनदा उठलं तेही कळतं.

खाणं

मांसाहार करणाऱ्यांची चंगळ. पहिलं मागवायचं ते 'काय थोत मखवेन', म्हणजे मखवेन लावून तळलेलं कोंबडीचं मांस. मखवेन म्हणजे काय, ते पहिल्या घासाला कळतं: जिभेला मुंग्या, नाकात संत्र्याच्या सालीसारखा वास. आपलं तिरफळ! बांगड्याच्या आमटीत टाकतो त्याच कुळातलं हे फळ, आणि नानचे डोंगर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मालवणी किंवा गोंयकार माणसाला परक्या मुलखात इतकं घरचं काही मिळेल असं वाटत नाही. नदीतलं 'काय' नावाचं शेवाळ वाळवून, तीळ लावून भाजतात, तेही चाखा. 'नाम न्गियाव' या शेवयांच्या रश्शात बहुधा गोठवलेल्या रक्ताचे चौकोनी तुकडे असतात. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

शाकाहाऱ्यांसाठी दोन शब्द. 'जे' म्हणजे मांस, अंडं, दूध आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की बिनधास्त शिरा. 'मांगसवीरत', म्हणजे मांसविरती, म्हटलं तर अंडं येऊ शकतं. साध्या हॉटेलात 'माय साय नाम प्ला' (माशाचं पाणी घालू नका) आणि 'माय साय कापी' (कोळंबीचं वाटण घालू नका) ही दोन वाक्यं कागदावर थाईत लिहून ठेवा. बोलून दाखवलं तर मान डोलावतात आणि सवयीने घालतातच. चिकट भात, भाजलेली वांगी, फळं आणि नारळाच्या दुधातले गोड पदार्थ यांवर दिवस छान निघतात. कट्टर जैन मंडळींनी ठेपले न्यावेत.

बारीकसारीक

रोख पैसे ठेवा. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी दोनशे बाटच्या वर शुल्क कापतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांनी भिक्खूंच्या हातात थेट काही देऊ नये; खाली ठेवावं, ते उचलतात. इंग्रजी कमी चालतं, पण 'सवात्दी' म्हणून हात जोडले की पुढचं सोपं होतं. इथल्या बायका वाक्याच्या शेवटी बँकॉकसारखं 'खा' न म्हणता लांबवून 'जाऊ' म्हणतात. आपण निघालोय की त्या निघाल्यात, असा मला पहिल्या दिवशी गोंधळ झाला होता.

बो क्लुआचं मीठ घेतलंत तर ते हातातल्या पिशवीत ठेवू नका. पांढऱ्या भुकटीची पुडी तपासणीवाल्यांना समजावत बसावं लागतं. चेक-इनच्या बॅगेत टाका, आणि दोन पिशव्यांत घट्ट बांधा. हे मीठ जरा ओलसर असतं, मुंबईच्या हवेत पोचेपर्यंत पाझरायला लागतं.